थायॉल बदलू नका, आधी खालचं सोनं बघा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीवर बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही ऑक्टाडेकेनथायॉलचं (१८ कार्बनची साखळी, एका टोकाला धातूला चिकटणारा सल्फर) इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर सोल्युशन केलं आणि त्यात रात्रभर तीन गोष्टी बुडवल्या: काचेवर बाष्पीभवनाने चढवलेलं सोनं (म्हणजे स्लाइड), लॅबमधला जुना सोन्याचा डिस्क इलेक्ट्रोड (अ‍ॅल्युमिनावर पॉलिश करून), आणि काचेवरची चांदी. पाण्याचा काँटॅक्ट अँगल (थेंब पृष्ठाशी करतो तो कोन) तिन्हींवर ११० अंशांच्या आसपास आला, म्हणून मोनोलेयर (एका रेणूच्या जाडीचा थर) छान बसला असं वाटलं. पण फेरीसायनाइडमध्ये सायक्लिक व्होल्टामेट्री (व्होल्टेज पुढेमागे फिरवून करंट मोजणं, थर घट्ट असेल तर करंट अडतो) काढली तर स्लाइडवर करंट जवळपास बंद, आणि डिस्कवर मात्र चांगलाच गळून राहिला. वरून चांदीच्या आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममध्ये साखळीतल्या सीएच-टूचे पीक एकदम बारके, म्हणून तिथे थर अर्धवटच बसला असा तुमचा अंदाज. आणि आता विचारताय की थायॉल जुना झाला का, नवीन बाटली मागवू का, काहून की सोनं तर शेवटी सोनंच असतं ना?

बाटली मागवू नका. थायॉल एवढा वाईट असता तर स्लाइडवरही गळती दिसली असती. खरा प्रश्न थायॉलचा नाहीच, तो खालच्या जमिनीचा आहे. आपण ‘सेल्फ असेंब्ली’ (रेणूंनी आपले आपण रांगेत लागणं) म्हणतो आणि सगळं श्रेय रेणूला देऊन मोकळे होतो, पण रेणू कुठे बसणार, किती अंतरावर बसणार, किती वाकणार हे बऱ्याच अंशी धातूचं पृष्ठ ठरवतं. आता यातलं तुमच्या केसमध्ये नेमकं किती लागू पडेल ते स्लाइड कोणी, कशी बनवली, सोनं काचेला धरून राहावं म्हणून खाली क्रोमियम आहे का, डिस्क किती घासली गेली आहे आणि मुख्य म्हणजे हा थर तुम्हाला कशासाठी पाहिजे यावर आहे. ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी दोन्ही बाजू धरून लिहितो.

सुरुवात आदर्श पृष्ठापासून करू. सोन्याचं १११ पृष्ठ (१११, १००, ११० ही स्फटिकाच्या वेगवेगळ्या चेहऱ्यांची नावं) म्हणजे अणू षटकोनी मांडणीत, शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर २.८८ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम). थायॉलचा सल्फर प्रत्येक अणूवर बसू शकत नाही, एवढी जागाच नाही, म्हणून तो वर्गमूळ तीनच्या पटीत जागा घेतो आणि मांडणी ३० अंशांनी फिरते. २.८८ ला १.७३२ ने गुणलं की ४.९९, म्हणजे सल्फर ते सल्फर जवळपास ५ अँगस्ट्रॉम, आणि एका रेणूच्या वाट्याला २१.६ चौरस अँगस्ट्रॉम जागा. आता कार्बनची साखळी सरळ उभी राहिली तर तिला लागते साधारण १८.५ चौरस अँगस्ट्रॉम. म्हणजे जागा थोडी जास्त झाली. स्टेशनवरच्या सायकल स्टँडचं बघा ना, खाचा सायकलीच्या रुंदीपेक्षा लांब लांब असल्या की सगळ्या सायकली एकाच बाजूला एकमेकींवर रेलतात. इथेही तसंच, साखळ्या रेलतात, शेजारणीला टेकेपर्यंत. किती रेलतात तेही काढता येतं: १८.५ भागिले २१.६ म्हणजे ०.८६, त्याचा कोसाइन उलटा केला की ३१ अंश. मोजून जे येतं ते ३० च्या आसपासच आहे. कागदावर दोन ओळींचं गणित आणि उत्तर बरोबर, मला हे आजही आवडतं.

इथूनच तुमच्या चांदीचं कोडं सुटतं. चांदीच्या १११ वर अणूंचं अंतर २.८९ अँगस्ट्रॉम, सोन्यापेक्षा फक्त ०.०१ ने जास्त. जाळी जवळपास तीच, मग थरही तोच यायला पाहिजे असं कोणालाही वाटेल, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पृष्ठाची रचना म्हणजे नुसतं अणूंमधलं अंतर नव्हे. सल्फरला एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला किती ऊर्जा लागते हाही त्या रचनेचाच भाग आहे. सोन्यावर सल्फर ठरलेल्या जागा धरून बसतो. चांदीवर जागेजागेतला फरक कमी, त्यामुळे साखळ्यांचंच जास्त चालतं, त्या सल्फरला जवळ ओढतात आणि अंतर ४.६ ते ४.७ अँगस्ट्रॉमवर येतं. वरचंच गणित पुन्हा करा, झुकाव फार तर १५ अंश येतो, आणि मोजून १० ते १२. म्हणजे चांदीवर साखळ्या जवळपास ताठ उभ्या आहेत.

आता आयआर. तुम्ही धातूवरून परावर्तन घेऊन स्पेक्ट्रम काढता, तिथे फक्त पृष्ठाला लंब असलेली हालचाल दिसते, पृष्ठाला समांतर असलेली दिसत नाही. साखळी ताठ उभी असली की सीएच-टूची ताणाची हालचाल पृष्ठाला समांतर होते आणि पीक बारका होतो. म्हणजे तुमचा बारका पीक थर कमी असल्याचा नाही, ताठ असल्याचा पुरावा आहे! उंचीपेक्षा जागा बघा: असममित सीएच-टूचा पीक २९१८ च्या आसपास असेल तर साखळ्या नीट, स्फटिकासारख्या लागल्यात, आणि २९२४ च्या पुढे सरकला असेल तर विस्कटलेल्या, द्रवासारख्या. चांदीचा तो आकडा तुम्ही दिलेला नाही, तोच आधी बघा. (एक सावधगिरी, चांदीवर फेरीसायनाइड चालवू नका, चांदी स्वतःच त्यात रिअ‍ॅक्ट होते आणि मग प्लॉट वाचण्यात काही अर्थ उरत नाही.)

तर इथपर्यंत एवढं झालं की चांदीचा थर बहुधा चांगला आहे, आणि थायॉलवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. आता डिस्ककडे येतो, खरी गंमत तिथे आहे.

वर जे सांगितलं ते सपाट, एकसंध १११ चं. प्रत्यक्षात सोनं असं कुठे मिळतं? अगदी स्वच्छ सिंगल क्रिस्टलवरसुद्धा सोन्याचा वरचा थर स्वतःला आवळून घेतो, खालच्या २२ अणूंच्या लांबीत वर २३ अणू कोंबलेले असतात आणि एसटीएममध्ये (अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) हेरिंगबोनची, म्हणजे माशाच्या काट्यासारखी, नक्षी दिसते. थायॉल आला की ही नक्षी मोडते, जास्तीचे अणू मोकळे होतात. शिवाय २००६ च्या सुमाराला एसटीएमवरून हे पुढे आलं की सल्फर थेट सपाट पृष्ठावर न बसता मध्ये एक सुटा सोन्याचा अणू घेऊन दोघं दोघं बसतात, आणि तो सुटा अणू पृष्ठातूनच उपटला जातो. त्यामुळे थर बसल्यावर सोन्यात बारीक बारीक खड्डे दिसतात, बरोबर एक अणू खोल, २.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास. नवीन पोरं हे बघून घाबरतात आणि त्यांना पिनहोल (थरातली आरपार भोकं) म्हणतात. ते पिनहोल नाहीत राजेहो, खड्ड्याच्या तळाशीही थायॉल बसलेला असतो. म्हणजे पृष्ठ रेणूला घडवतं हे खरंच, पण रेणूही पृष्ठाला खणतो, हे एकतर्फी नाही.

गळती खड्ड्यातून नाही, ती होते जिथे रांग तुटते तिथे. रांग तुटायच्या जागा बऱ्याच आहेत. एकाच टेरेसवरसुद्धा (अणूंच्या सपाट पट्ट्यावर) साखळ्या वेगवेगळ्या दिशांना झुकलेले तुकडे तयार होतात, खोलीच्या तापमानाला बसवलेल्या थरात हे तुकडे काही नॅनोमीटर ते दहा-पंधरा नॅनोमीटरचे असतात, आणि त्यांच्या सीमेवर साखळ्या नीट जुळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पायऱ्या, म्हणजे स्टेप. एका टेरेसवरून दुसरीवर उतरताना खालच्या साखळीला शेजारीण मिळते ती २.३५ अँगस्ट्रॉम वर सरकलेली. आणि सगळ्यात वाईट ग्रेन बाउंड्री, म्हणजे दोन स्फटिककणांमधली सीमा, जिथे दोन कणांचे चेहरेच वेगळे, एकाकडे १११ तर दुसऱ्याकडे १०० किंवा ११०, दोघांच्या जाळ्या एकमेकींत बसतच नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला येणारे अर्धे प्रश्न इथेच अडलेले असतात. घट्ट बसणं आणि नीट बसणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत. स्टेपवरचा सल्फर टेरेसवरच्यापेक्षा जास्त घट्ट बसतो, तिथल्या सोन्याच्या अणूला शेजारी कमी असतात म्हणून तो जास्त भुकेला असतो. पण वरच्या साखळ्यांची रांग तिथे मोडलेली असते. सल्फर आणि सोन्याचा बंध मोलला ४० ते ५० किलोकॅलरीचा, आणि प्रत्येक सीएच-टू मागे साखळ्यांची आपसातली ओढ साधारण १ किलोकॅलरी. १८ कार्बनच्या साखळीत ती बेरीज करा, तुमच्या थराला अडवणूक करायची ताकद मुख्यतः या बेरजेतून येते. रांग मोडली की ती बेरीज लागू होत नाही. त्यामुळे सल्फर भरपूर, कव्हरेज पूर्ण, एक्सपीएस (पृष्ठावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी मोजणी) मस्त, आणि तरीही आयन आत शिरतात. तुमच्या डिस्कवर बहुतेक हेच झालंय.

स्लाइड का बरी ठरली? खोलीच्या तापमानाला काचेवर चढवलेलं सोनं दिसायला कणाकणांचं असतं, कण काही दहा नॅनोमीटरचे, पण त्यातल्या बहुतेक कणांचा १११ चेहरा वर असतो. सोनं अशी वाढ स्वतःहून धरतं, कारण १११ ची पृष्ठऊर्जा सगळ्यात कमी. तुमच्या डिस्कची गोष्ट वेगळी. ती सलग घन धातूची, त्यात सगळ्या दिशांचे कण, आणि वरून अ‍ॅल्युमिनाने रगडलेली. १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५ करून आरशासारखी चमकली तरी वरचा थर रगडून दबलेला, ओरखड्यांच्या तळाशी अ‍ॅल्युमिनाचे कण अडकलेले. डोळ्याला आरसा दिसतो आणि रेणूला खडी. आणखी एक शक्यता जी कोणी बघत नाही: डिस्क आणि तिच्याभोवतीच्या प्लास्टिकमधली फट. जुन्या इलेक्ट्रोडमध्ये तिथून सोल्युशन आत मुरतं आणि तुम्ही मोनोलेयरला शिव्या घालत बसता. लेन्सखाली कडेची रिंग बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

मग काँटॅक्ट अँगलने दगा का दिला? पाण्याच्या थेंबाला फक्त साखळ्यांच्या टोकाचे मिथाइल गट दिसतात, आणि तेही सरासरीने. खडबडीतपणा तर अँगल उलट वाढवतो, ९० च्या वरचा अँगल खडबडीत पृष्ठावर आणखी वर जातो हे वेन्झेलने १९३६ सालीच मांडलंय. म्हणजे तुमची डिस्क खराब असण्याचा फायदाच तिला तिथे मिळाला असेल. पाण्याऐवजी हेक्साडेकेनचा थेंब टाकून बघा, चांगल्या थरावर ४५ ते ५० च्या दरम्यान येतो. तेल साखळ्यांमध्ये शिरायला बघतं, त्यामुळे मोडलेली रांग त्याला लवकर कळते. आणि पुढे जाणारा व मागे येणारा (थेंब वाढवताना आणि ओढून घेताना) असे दोन्ही अँगल घ्या, दोघांतला फरक मोठा असेल तर पृष्ठ एकसारखं नाही. नुसता एक स्थिर अँगल देऊन ‘थर बनला’ म्हणणाऱ्या पेपरांवर माझा फारसा विश्वास नाही, स्पष्टच सांगतो.

आता काय करायचं. पहिलं, डिस्कचं खरं क्षेत्रफळ मोजा. थायॉल लावायच्या आधी ०.५ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये सायकल करा, सोन्याचं ऑक्साइड परत कमी होतानाचा जो पीक येतो त्याखालचा चार्ज काढा आणि दर चौरस सेंटीमीटरला ३९० ते ४०० मायक्रोकूलॉम धरून भागा. हे खरं क्षेत्रफळ झालं. त्याला तुमच्या भूमितीय क्षेत्रफळाने भागलं की खडबडीतपणाचा आकडा मिळतो. चांगल्या पॉलिशला माझ्याकडे तो १.२ ते २ च्या मध्ये राहतो, त्याच्या फार वर गेला की मी पुन्हा पॉलिशकडे जातो. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून क्लोराइड गळत नाही ना तेवढं बघा, क्लोराइड असताना या व्होल्टेजला सोनं विरघळायला लागतं. आणि हा उद्योग डिस्कवरच करा, ५० नॅनोमीटरच्या पातळ फिल्मवर सायकलीमागून सायकली मारल्या तर हाती नुसती काच उरेल.

दुसरं, आणि मला सगळ्यात आवडणारं: थर बसल्यावर तो काढून बघा. ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, नायट्रोजन चांगला सोडून ऑक्सिजन घालवल्यावर, व्होल्टेज निगेटिव्हकडे न्या. थायॉल सुटतो आणि पीक देतो, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १ व्होल्टच्या आसपास, साखळी लांब तसा आणखी खाली. चांगल्या १११ वर एकच टोकदार पीक येतो. पॉलिक्रिस्टलवर दोन-तीन येतात किंवा एक पसरट, काहून की टेरेसवरचे रेणू आधी सुटतात आणि स्टेपवरचे, १०० आणि ११० वरचे त्याहून निगेटिव्ह व्होल्टेजला. म्हणजे त्या एका प्लॉटमध्ये तुमच्या सोन्याची अख्खी कुंडली असते, कुठल्या जागी किती बसले त्याची. पूर्ण थराचा हिशेब खऱ्या क्षेत्रफळावर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ७३ मायक्रोकूलॉम येतो. मोजताना जास्तच भरतं, कारण थर गेला की दुहेरी थराचा (धातूलगत जमलेल्या आयनांचा) चार्जही त्यात मिसळतो, त्याने गोंधळू नका.

सोनं सुधारायचं असेल तर दोन रस्ते आहेत. एक, अभ्रकावर गरम ठेवून चढवलेलं सोनं घ्या आणि वापरायच्या आधी बारीक ज्योतीखाली झरझर फिरवा, अंधारात जेमतेम मंद लाली दिसेल एवढंच, मग थंड झालं की लगेच थायॉलमध्ये. शेकडो नॅनोमीटरचे टेरेस मिळतात. सराफांकडे असतो तसला छोटा ब्युटेन टॉर्च नागपूरच्या इतवारी बाजारात सहज मिळतो, तो पुरतो. क्रोमियमवाल्या काचेच्या स्लाइडवर मात्र ही करामत करू नका, क्रोमियम ग्रेन बाउंड्रीतून वर येतो, काचही तडकते. आणि सराफ्याचा विषय निघालाच आहे तर, कोणीतरी हमखास सुचवतं की सोन्याचं नाणं किंवा पत्रा घेऊन टाका. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं आणि चांदी, आणि थायॉल त्या तिघांशी तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतो. लग्नात चालेल, इथे नाही.

दुसरा रस्ता टेम्प्लेट स्ट्रिपिंगचा, १९९३ पासून चालत आलेला. स्वच्छ सिलिकॉनवर कुठलाही चिकटवणारा थर न देता सोनं चढवायचं, त्यावर गोंदाने काचेचे तुकडे लावायचे, आणि गरज पडेल तेव्हा तुकडा उचकटायचा. सिलिकॉनला टेकलेली बाजू वर येते, ती त्याच्याइतकीच सपाट आणि कोरी. गोंद इथेनॉलमध्ये न फुगणारा घ्या. पण लक्षात ठेवा, सपाट म्हणजे सिंगल क्रिस्टल नव्हे, ग्रेन बाउंड्री तिथेही आहेतच, फक्त खाचा भरलेल्या आहेत.

थोडं नागपूरचं. ऑक्टाडेकेनथायॉल ३० अंशांच्या थोडा वर वितळतो, त्यामुळे डिसेंबरात बाटलीत पांढरं मेण आणि मे महिन्यात एसी बंद पडला की पाणी. त्याने माल बिघडत नाही, पण सोल्युशनही ४० अंशांवर बसलेलं असतं, आणि गरम सोल्युशनमध्ये तुकडे मोठे होतात, खड्डे एकमेकांत मिसळतात. मग मेचा थर डिसेंबरच्या थरापेक्षा चांगला येतो आणि माणूस उगाच दुसरंच कारण शोधत बसतो. तापमान लिहून ठेवा. पेट्री डिशमध्ये बुडवू नका, इथेनॉल उडून जातं, घट्ट झाकणाची कुपी घ्या. आणि कूलरसमोर सॅम्पल वाळवायची सवय असेल तर ती आजपासून बंद, दमट आणि धुळीची हवा थेट पृष्ठावर येते, चांदी तर लगेच काळवंडते. युव्ही-ओझोनने साफ करत असाल तर नंतर वीसेक मिनिटं इथेनॉलमध्ये ठेवा, नाहीतर वर आलेलं सोन्याचं ऑक्साइड थायॉलखाली दबून राहतं.

हे सगळं कराच असंही मी म्हणत नाही. तुम्हाला डीएनए सेन्सर बनवायचा असेल, जिथे प्रोब (पृष्ठावर बसवलेले डीएनएचे तुकडे) लांब लांब हवेत आणि मधली जागा मर्कॅप्टोहेक्सॅनॉल या आखूड थायॉलने भरायची आहे, तर पॉलिश केलेली डिस्क चालते, रांग परफेक्ट नसली तरी बिघडत नाही, फक्त खडबडीतपणा दर वेळी सारखा ठेवा. तांब्याला गंजापासून वाचवायचं असेल तर पॉलिशपेक्षा ऑक्साइड काढणं महत्त्वाचं. पण रेणूमधून करंट मोजायचा असेल, थराची जाडी अँगस्ट्रॉममध्ये सांगायची असेल, तर डिस्क विसरा, अभ्रक किंवा स्ट्रिप केलेलं सोनं घ्या.

तुमचं काम यातलं कुठलं आहे ते लिहा, आणि डिस्कचा हायड्रॉक्साइडमधला डिसॉर्प्शनचा (थर सुटतानाचा) प्लॉट टाका, स्कॅन रेट आणि रेफरन्स लिहून. शक्य असेल तर स्लाइडचाही, शेजारी शेजारी.